इराणी गालिचा : नकाशा कुणाचा, गाठी कुणाच्या?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी "तुम्हीही काहीतरी लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी लोणच्याचा एक प्रकार लिहून देणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; इतिहासावर लेख लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे. पण गेली काही वर्षे एक विषय मनातून जात नाही, आणि त्याचे मूळ आपल्याच मंडळाच्या एका रुजाम्यात आहे. तेव्हा लोणचे पुढच्या खेपेला.

भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. २०१८ च्या पावसाळ्यात आपण अकरा जणींनी जाळीच्या कॅनव्हासवर हुकने लोकरीच्या गाठी मारून एक मोठा रुजामा केला होता. डाव्या कोपऱ्यात काठाची वेल नीट वळेना, म्हणून मी तीन दिवसांचे काम उसवले होते, आणि त्यावरून माझी पुष्कळ थट्टाही झाली होती. पुढे तो रुजामा गावातल्या एका हस्तकला प्रदर्शनात ठेवला गेला. शेजारी कार्ड होते. त्यावर नकाशा काढणाऱ्या भगिनीचे नाव, आणि खाली "व इतर". आम्ही दहा जणी त्या "इतर" मध्ये बसलो. नकाशा सुंदरच होता, आणि ज्यांनी तो काढला त्यांनीच आयोजकांकडे तक्रार केली, हेही सांगितले पाहिजे. तरी ते दोन शब्द मला बोचत राहिले.

दुसऱ्या वर्षी धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी मी लंडनला गेले. एका दुपारी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही रुजाम्याच्या एवढ्या गोष्टी सांगता, तर चला, तुम्हाला गालिच्यांचा राजा दाखवतो." व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम नावाचे तेथे प्रचंड संग्रहालय आहे. त्याच्या एका दालनात, मधोमध, काचेच्या पेटीत जमिनीसरसा एक गालिचा पसरलेला होता. दालनात अंधूक उजेड. रंग विटू नयेत म्हणून तेथे दर अर्ध्या तासाने फक्त दहा मिनिटे दिवे लावीत. गाभाऱ्याचे दार उघडण्याची वाट पाहावी तशी आम्ही माणसे पेटीभोवती उभी होतो. मग दिवे लागले.

पहिल्या क्षणी निळा रंगच दिसतो, रात्रीच्या आभाळासारखा गडद. त्यावर मधोमध पिवळे मोठे कमळासारखे वर्तुळ, त्याच्याभोवती सोळा टोकदार पाकळ्या, आणि वर-खाली लोंबणारे दोन दिवे. चारही कोपऱ्यांत त्याच वर्तुळाचा पाव-पाव भाग. उरलेल्या निळ्यात वेली, फुले, पाने. कुठे सुरू होतात नि कुठे संपतात ते डोळ्याला सापडत नाही. एका टोकाला चार ओळींचा लहानसा लेख विणलेला आहे. भाऊजींनी पाटी वाचून त्याचा मतलब सांगितला. हा गालिचा काशान गावच्या मक्सूद नावाच्या सेवकाचे काम, साल हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०.

याला अर्दबीलचा गालिचा म्हणतात. अर्दबील हे इराणच्या वायव्येकडचे गाव. तेथे शेख सफी यांचा दर्गा आहे. इराणचे सफवी बादशहा स्वतःला याच शेखांचे वंशज मानीत. शहा तहमास्प (कारकीर्द १५२४ ते १५७६) याच्या वेळी या दर्ग्यासाठी एकसारखे दोन गालिचे विणले गेले, त्यांतला हा एक. लांबी साडेचौतीस फूट, रुंदी साडेसतरा फूट. ताणा आणि बाणा रेशमाचा, वरची लव लोकरीची, कारण लोकर रेशमापेक्षा रंग खोल पिते. रंग एकंदर दहा. आणि चौरस इंचाला गाठी सुमारे तीनशे चाळीस!

आपल्या रुजाम्याला इंचाला किती गाठी होत्या ते आठवा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. घरी येऊन मी जमाखर्चाच्या वहीत हिशेब मांडला. एका आडव्या ओळीत पावणेचार हजारांच्या आसपास गाठी होतात, आणि सबंध गालिच्यात अडीच कोटींहून अधिक. निष्णात हात दिवसाला आठ हजार गाठी मारतो असे धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस काम धरले, तर एका माणसाला हा गालिचा पुरा करावयास अकरा वर्षे लागावीत. जवळजवळ एक तप! अर्थात एकट्याने तो केला नाही. एका वेळी दहापर्यंत विणकर मागावर ओळीने बसत असावेत असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन फुटांची जागा. खांद्याला खांदा लावून ते रोज बसले असतील. आणि नाव मात्र एकच, मक्सूद.

हा मक्सूद स्वतः मागावर बसत नसावा. गालिचे करवून घेण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती असा तो दरबारचा कोणी अधिकारी असावा, असे मानतात. त्याने स्वतःला सेवक म्हणवून घेतले ही नम्रता खरी; पण नम्रता दाखवायलाही नाव लिहायला जागा लागते.

आता नकाशाविषयी. नकाशा, नक्षी, रेशीम, कारागीर, कारखाना, उस्ताद हे शब्द आपण रोज बोलतो. ते फारसीतूनच आपल्याकडे आले, आणि गालिचा हा शब्दही तिकडचाच. बादशहाच्या पदरी जसा गालिच्यांचा कारखाना असे तसा पुस्तकांचाही असे. हस्तलिखित पोथ्यांची पाने रंगविणारे, सोन्याची वेलबुट्टी काढणारे चितारी तेथे बसत. त्याच मंडळींकडून भिंतीच्या फरशा, वस्त्रे आणि गालिचे यांचेही नकाशे काढवून घेत. जुन्या इराणी पोथीची कातडी बांधणी पाहिली तर मधोमध पदक आणि चार कोपऱ्यांत त्याचे चतकोर दिसतात. अर्दबीलच्या गालिच्याची मांडणी अगदी तीच. पुस्तकाचे पुठ्ठे जणू पायांखाली अंथरले आहेत.

चितारी सबंध गालिचा काढीत बसत नाही. मांडणी चारी बाजूंनी सारखी असेल तर पाव भाग काढला की पुरे. उरलेले तीन भाग आरशासारखे उलटवून घ्यावयाचे. पुढे नकाशा चौकटीच्या कागदावर उतरवू लागले. एक घर म्हणजे एक गाठ. आपण क्रॉस स्टिचचे नमुने घेतो तेच हे, किंवा ठिपक्यांची रांगोळी म्हणा ना. पण रांगोळीत दोन ठिपक्यांमधून बोट फिरवून रेघ वाकवता येते. गाठीला वाकणे ठाऊक नाही. गोल वेल हवी तर ती पायऱ्या-पायऱ्यांनीच चढवावी लागते, आणि पायऱ्या डोळ्याला दिसू नयेत इतक्या बारीक गाठी असतील तरच ती गोल भासते. म्हणून दरबारी गालिच्यांत वेली वाहतात, आणि खेड्यांतल्या जाड गाठींच्या गालिच्यांत फुलेही चौकोनी, पक्षीही चौकोनी. त्यांत अडाणीपणा मुळीच नाही. जाड लोकरीला जी रेघ साधते ती त्या बायांनी बरोबर ओळखली.

खरी परीक्षा कोपऱ्याची. काठाची वेल लांबीकडून रुंदीकडे वळताना मध्येच तुटू नये, फूल अर्धे कापले जाऊ नये, यासाठी ओळींचा हिशेब आरंभापासून बसवावा लागतो. खेड्यात पुष्कळदा वेल कोपऱ्यावर येऊन थबकते आणि पलीकडे नव्याने सुरू होते. हे वाचल्यावर माझ्या उसवलेल्या तीन दिवसांचे मला वाईट वाटेनासे झाले.

गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत लोकरीचा धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढून मधून बाहेर येतो. दुसरीत एकाला पुरा वेढा पडतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. दुसरीला सेन्ने गाठ म्हणण्याची पद्धत व्यापाऱ्यांनी पाडली. सेन्ने म्हणजे आजचे सनंदज गाव. गंमत अशी की त्या गावात विणतात ती पहिली गाठ! गाठींची एक ओळ झाली की आडवे धागे घालावयाचे, जड फणीने ठोकून बसवावयाचे, मग पुढची ओळ. लव कात्रीने सारखी करावयाची. मोठ्या मागावर प्रत्येकाने नकाशा पाहत बसले तर काम थांबेल, म्हणून पुष्कळ ठिकाणी एक जण नकाशा हाती घेऊन सुरात सांगत जाई, दोन निळ्या, एक तांबडी, तीन पांढऱ्या, आणि विणणारी माणसे सुरातच ओ देत गाठी मारीत. न ऐकलेले हे गाणे मला ऐकू येते, कारण आपणही "तीन सुलट, एक उलट" असेच पुटपुटत बसतो.

रंगांबद्दल लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. माझा जीव त्यातच अधिक रमला. तांबडा येतो मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाच्या मुळांपासून. मुळे जितकी जुनी तितका रंग चढता. पिवळा रानफुलांपासून आणि डाळिंबाच्या सालींपासून, तपकिरी अक्रोडाच्या हिरव्या टरफलांपासून. निळा नीळीचा, आणि ही नीळ आपल्या हिंदुस्थानातून उंटांवरून व गलबतांतून इराणात जाई. म्हणजे अर्दबीलच्या त्या रात्रीच्या आभाळाशी आपले काही नाते असायला हरकत नाही. आधी लोकर तुरटीच्या पाण्यात भिजवावयाची, नाहीतर रंग धरत नाही. हिरव्यासाठी एकदा पिवळ्यात नि एकदा नीळीत असे दोनदा रंगवावे लागते. काळा मात्र दगाबाज. तो लोखंडाच्या पाण्याने करीत, आणि ते लोखंड कालांतराने लोकरीला खाते. जुन्या गालिच्यांत काळ्या-तपकिरी रेघा झिजून खाली गेलेल्या आणि बाकीची नक्षी वर उठून राहिलेली दिसते ती यामुळे. जुन्या साडीचा काळा काठ आधी विरतो, त्याचीच आठवण झाली.

गालिचा विणण्याची कला सफवी काळाच्या कितीतरी आधीची. १९४९ साली सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक येथे एका सरदाराच्या थडग्यात बर्फाखाली गोठलेला गालिचा रुदेन्को या रशियन संशोधकाला सापडला. तो दोन हजार दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि काठावर हरणे व घोडेस्वार ओळीने चाललेले आहेत. तो कुणी विणला यावर अजून वाद आहेत. खुस्रू बादशहाच्या रत्नजडित वसंत-गालिच्याची कथाही जुने इतिहासकार सांगतात: ६३७ साली अरबांनी टेसिफोन जिंकले आणि तो गालिचा कापून तुकडे वाटून घेतले. बागेचा गालिचा प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर जयपूरला जावे. तेथील अल्बर्ट हॉल संग्रहालयात इराणी बागेचा गालिचा आहे; पाण्याचे पाट, त्यांत मासे, बदके, कडेने झाडे. आमेरच्या राजवाड्यात तो १६३२ साली होता अशी नोंद त्याच्यावर सापडली आहे. आपल्या बाजूला विजापूरच्या आसार महालातले जुने गालिचे गोल घुमटाजवळच्या संग्रहालयात आहेत, आणि पुण्यास येरवड्याच्या तुरुंगात इंग्रजी अमदानीत कैद्यांकडून गालिचे विणवून घेत.

आता माझ्या मनातला प्रश्न. त्या अडीच कोटी गाठी बायकांच्या हातच्या असतील, असे मी दालनात उभी असतानाच ठरवून टाकले होते. पुढे वाचले ते वेगळेच. इराणात घराघरांतले बहुतेक विणकाम बायकांचे. पण दरबारच्या खास कामावर बहुधा पुरुष बसत, आणि अर्दबीलचा गालिचा पुरुषांनीच विणला असावा असे संग्रहालयाचे म्हणणे. माझी निराशा झाली, ती लपवीत नाही. मग वाटले, नाव गेले ते त्या पुरुषांचेही गेलेच की. "इतर" मध्ये तेही बसले.

बायकांचे काम पाहावयाचे तर खेड्यांत आणि फार्स प्रांतातल्या भटक्या जमातींत जावे. तेथे लोकर कापणे आणि माग उभा करणे हे पुरुषांकडे. सूत कातणे, रंगविणे, विणणे बायकांकडे. माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. मुक्काम हलला की गुंडाळून जनावरावर घालावयाचा. कागदाचा नकाशा नाहीच. आईचे पाहून लेक शिकते, आणि जे डोक्यात आहे ते बोटांतून उतरते. म्हणून तिला एकच गालिचा दोनदा विणता येत नाही. काही गावांत नमुन्यापुरता एक लहान तुकडा विणून ठेवीत, त्याला वागीरे म्हणत. रंगविलेली लोकर संपली की पुढच्या घाण्याचा निळा थोडा फिका येतो, आणि गालिच्यात एक आडवा पट्टा उमटतो. इराणी लोक त्याला अब्राश म्हणतात आणि पारखी तो कौतुकाने दाखवतात. स्वेटरच्या पाठीवर दुसऱ्या लडीचा रंग आला तर आपण मात्र तोंड लपवतो!

अर्दबीलच्या दोन दिव्यांत एक मोठा आणि एक लहान आहे. लहान दिव्याच्या बाजूला बसले की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून तसे केले, असे काही म्हणतात. काही म्हणतात, निर्दोष काम परमेश्वराचेच, म्हणून मुद्दाम उणे ठेवले. मला वाटते, इतक्या बारीक हिशेबाने काम करणाऱ्यांनी ते चुकून खास केले नसावे.

शहा अब्बासने १५९८ मध्ये राजधानी इस्फहानला नेली आणि गालिच्यांचा धंदा भरभराटला. १६०१ साली पोलंडच्या राजाने काशानला आपला व्यापारी पाठवून गालिचे विणवून घेतले होते. पुढे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तशाच जातीचे गालिचे एका पोलिश सरदाराने मांडले. त्यांवरची घराण्याची चिन्हे पाहून लोकांनी ते पोलंडातच विणलेले ठरविले, आणि आजही त्या जातीला पोलोनेज म्हणतात. विणणाऱ्याचे नाव जाते हे ठाऊक होते. येथे तर देशाचेही गेले.

१७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतले आणि दरबारी कारखाने बसले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून मागणी आली, तशा परदेशी कंपन्या इराणात उतरल्या आणि परदेशी दिवाणखान्यांच्या मापाने नकाशे बदलले. कृत्रिम रंगही आले. ते धुतले की पसरत, आणि त्यांवर सरकारला बंदी घालावी लागली. याच काळात अर्दबीलचे दोन्ही गालिचे दर्ग्यातून विकले गेले. दोन्ही झिजलेले होते. व्यापाऱ्यांनी एकाचे काठ आणि तुकडे काढून दुसरा पुरा केला. लंडनच्या संग्रहालयाने तो १८९३ मध्ये दोन हजार पौंडांना घेतला. विल्यम मॉरिस या प्रसिद्ध नक्षीकाराने तो घ्यावाच असा आग्रह धरला होता. काठ गमावलेला जोडीदार हातोहात फिरत अमेरिकेत गेला. पॉल गेटी या धनिकाने १९५३ साली तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिला. जुळ्यांतल्या एकाच्या अंगावरचे कपडे काढून दुसऱ्याला सजवावे तसे हे झाले.

याच भरभराटीची दुसरी बाजू केरमान गावची. तेथल्या कारखान्यांत लहान मुले-मुली अंधाऱ्या, दमट खोल्यांत पहाटेपासून मागावर बसत. बसून बसून कित्येकांची हाडे वाकडी होत. मुलांची बोटे नाजूक म्हणून गाठ बारीक पडते, असे मालक म्हणत. बारीक गाठ शिकलेल्या मोठ्या हातालाही पडते. मुलांची फक्त मजुरी बारीक. बाहेरच्या देशांत ओरड झाल्यावर १९२३ मध्ये केरमानच्या सुभेदाराने हुकूम काढला. दिवसाला आठ तास काम, शुक्रवारी सुटी, आठ वर्षांखालील मुलगा आणि दहा वर्षांखालील मुलगी मागावर बसवू नये, तळघरात माग मांडू नयेत. आठ आणि दहा! तो हुकूम सुधारणेचा होता, यावरून आधीचे काय असेल ते आपण आयांनीच ओळखावे.

२०१० साली युनेस्कोने काशानची आणि फार्सची गालिचे विणण्याची कला जगाच्या जपण्याच्या ठेव्यात नोंदली. त्या नोंदीत काशानबद्दल लिहिले आहे की गावातल्या जवळजवळ दर तिघांतला एक जण या धंद्यात आहे, आणि विणणाऱ्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक बायका आहेत. काशान, म्हणजे मक्सूदचेच गाव.

परतण्याच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा त्या संग्रहालयात गेले, या वेळी एकटी. दिवे लागेपर्यंत थांबले. लागल्याबरोबर पेटीला वळसा घालून आधी कोपरा गाठला. काठाची वेल सरळ येते, वळते आणि पुढे जाते, कुठे खीळ नाही. एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याकडे गेले. गालिच्याची खरी पारख मागच्या बाजूने करतात असे मी वाचले होते. तेथे लव नसते, गाठ नि गाठ उघडी दिसते, हात कुठे घट्ट पडला नि कुठे सैल तेही कळते. पावणेदोन फुटांवर हात बदललेला दिसेल का, एवढेच मला पाहावयाचे होते. पण काचेखालचा गालिचा माझ्यासाठी कोण पालथा करणार? तिसऱ्यांदा वळसा घेत होते तेवढ्यात दहा मिनिटे झाली आणि दिवे मंद झाले.